सहा मिनिटांचा नियम संशोधनात कुठेच नाही

गोव्यातील मराठी शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: विद्यार्थ्याचे लक्ष सहा मिनिटांहून अधिक टिकत नाही, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, वाचलेले १० टक्के आणि पाहिलेले-ऐकलेले ५० टक्के लक्षात राहते, ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घालणारे ९७ टक्के लोक लांबलचक पाठांना कंटाळून तो सोडून देतात, तेव्हा आपल्याकडचे सगळे व्हिडिओ-पाठ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कापा, म्हणजे मुले शिकतील. यातील दोन आकडे खऱ्या अभ्यासांतून आलेले आहेत, एक कुठल्याच अभ्यासातून आलेला नाही, आणि शेवटचा सल्ला तर या तिन्हींमधून निघत नाही.

सहा मिनिटांचा आकडा फिलिप गुओ, जूहो किम आणि रॉब रुबिन यांच्या २०१४ मधील निबंधातला आहे. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांचे ८६२ व्हिडिओ आणि ते पाहिले गेल्याची सुमारे ६९ लाख सत्रे तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी एका सत्रात तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या वर गेला नाही, असे त्यांना आढळले. मध्यक म्हणजे निम्म्या नोंदी ज्याच्या खाली आणि निम्म्या ज्याच्या वर असतात तो आकडा; ती मर्यादा नव्हे, एवढे तरी गणिताच्या शिक्षकांनी हा मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवे होते. शिवाय या अभ्यासात मोजला गेला तो व्हिडिओ चालू राहिल्याचा वेळ. समोरचा माणूस खरोखर पाहत होता, की व्हिडिओ चालू ठेवून दुसरेच काही करत होता, हे त्या नोंदींतून कळत नाही, आणि ही मर्यादा लेखकांनी स्वतःच मान्य केलेली आहे. पाहणाऱ्याला शेवटी किती समजले, हा तर त्यांच्या मोजणीचा विषयच नव्हता.

ते प्रेक्षक कोण होते, हेही विसरून चालणार नाही. २०१२ मधील हे विनामूल्य अभ्यासक्रम जगातल्या कोणालाही खुले होते, आणि नुसते डोकावून जाणाऱ्याला तिथे काहीच गमवावे लागत नव्हते. गोवा शालान्त मंडळाची दहावीची परीक्षा तोंडावर असलेल्या साखळी शहरातील विद्यार्थिनीला त्याच मापाने मोजण्याचे कारण दिसत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभियांत्रिकी अभ्यासक्रमात संशोधकांनी २०१५ मध्ये सुट्या सत्रांऐवजी एकेका विद्यार्थ्याची सगळी सत्रे एकत्र जोडून पाहिली, तेव्हा तेच विद्यार्थी परत परत येऊन व्हिडिओचा बहुतेक भाग पाहून संपवत असल्याचे दिसले. गुओ आणि सहकाऱ्यांच्या निबंधात आणखीही काही निरीक्षणे आहेत. नुसत्या सरकपट्ट्यांपेक्षा (स्लाइड्सपेक्षा) हाताने लिहीत, आकृती काढत समजावलेले पाठ लोक अधिक वेळ पाहत होते, हे त्यांपैकी एक. खडू-फळ्यावर आयुष्य घालवलेल्या आपल्या शिक्षकांना सुखावेल अशी ही गोष्ट नेमकी मजकुरातून गळाली आहे.

दहा टक्के आणि पन्नास टक्के यांचा निकाल चटकन लावता येतो. एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचे प्रकार दाखवणारी शंकूच्या आकाराची आकृती, ‘अनुभवांचा शंकू’, मांडली, त्यात टक्केवारी नव्हती. ती १९६७ मध्ये एका तेल कंपनीतील कर्मचाऱ्याच्या लेखात आली, आणि तिच्यामागे कोणत्याही प्रयोगाचा आधार दिलेला नव्हता. पुढे कोणीतरी दोन्ही एकत्र चिकटवले, आणि तेव्हापासून तो शंकू प्रशिक्षणवर्गांच्या सरकपट्ट्यांवर फिरतो आहे. सगळे आकडे दहाच्या पटीत येतात, हे पाहूनच खरे तर संशय यायला हवा होता.

सत्त्याण्णव टक्क्यांची गोष्ट वेगळी, कारण हा आकडा खरा आहे. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-व्हालिएन्ते यांनी २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा हिशेब मांडला. २०१७-१८ या वर्षी नोंदणी करणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पुरा केला. पण त्याच लेखात असेही आहे, की नाव घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के, लोकांनी अभ्यासक्रमाचे दार एकदाही उघडले नाही. ज्यांनी एकही पाठ पाहिला नाही, ते पाठाच्या लांबीला कंटाळून कसे जातील? प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र त्या वर्षी ४६ टक्के लोकांनी शेवट गाठला. आकडा छेदावर, म्हणजे कोणत्या एकूण लोकांपैकी मोजले यावर, अवलंबून असतो, आणि पुढे पाठवलेल्या मजकुरात छेद कधीच नसतो.

आता मुख्य सल्ला: पाठ कापा. तुकडे केल्याने शिकणे सुधारते का, हे थेट तपासणारे प्रयोग झालेले आहेत, आणि मजकूरकर्त्याने ते वाचले असते तर त्याला आपला सल्ला बदलावा लागला असता. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये वीज कशी पडते हे समजावणारी सुमारे १४० सेकंदांची चलतचित्रफीत १६ टप्प्यांत विभागली आणि पुढचा टप्पा केव्हा सुरू करायचा हे पाहणाऱ्याच्या हाती दिले. अशा विद्यार्थ्यांनी समजलेले नव्या प्रश्नांना लावून दाखवण्यात सरशी केली. मूळ फीतच अडीच मिनिटांहून लहान होती, तेव्हा इथे घड्याळाचा संबंध नाही. एक कल्पना पचल्यावरच दुसरी घ्यायची मोकळीक मिळाली, हे फायद्याचे कारण होते.

कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांचा २०१३ मधील प्रयोग तर या वादासाठीच रचल्यासारखा आहे. संख्याशास्त्राचे २१ मिनिटांचे ऑनलाइन व्याख्यान त्यांनी चार भागांत दाखवले, म्हणजे प्रत्येक भाग सहा मिनिटांच्या आतच होता. प्रत्येक भागानंतर काहींना त्यावर छोटी चाचणी दिली, काहींना दिली नाही. चाचणी देणाऱ्यांमध्ये लक्ष भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याच्या आसपास राहिले, त्यांनी टिपणे जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले. तुकडे सगळ्यांनाच सारखे मिळाले होते. फरक पडला तो प्रश्नांमुळे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्यानंतर, पुन्हा न वाचता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले. लगेच येणारी ‘समजले’ ही भावना किती फसवी असते, ते यावरून दिसते.

आपल्याकडचा विषय घेऊ. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केल्या जाणाऱ्या, शेतीवरच्या पाठात मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, रचना येते: भरतीचे खारे पाणी लोटू लागले की तिची फळी आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. शिक्षकाने हे सलग सांगितले, तर पाठ चार मिनिटांचा असो की चौदा, मूल मान डोलावते. तेच बांध, नदी आणि फळी दाखवून पाठ थांबवला आणि भरतीला फळी कोणत्या बाजूला लोटली जाईल ते वहीत चित्र काढून दाखवायला सांगितले, तर पुढचे स्पष्टीकरण ऐकायला मुलाकडे कारण असते, कारण आपले चित्र बरोबर की चूक हे त्याला पाहायचे असते. पाठ कापायचाच असेल तर तो इथे, फळी हलण्याच्या क्षणी कापावा, मग घड्याळात तिसरे मिनिट असो वा अकरावे.

लहान फायलींच्या बाजूने बोलण्यासारखे एक कारण मात्र आहे. २०२० मध्ये सत्तरी, सांगे, काणकोण भागांतील मुले नेटवर्कसाठी डोंगर चढून बसत होती, हे आपण सर्वांनी पाहिले. जिथे पावसाळ्यात वीज आणि सिग्नल दोन्ही रुसतात, तिथे छोटा व्हिडिओ उतरवून घेणे सोपे जाते आणि हवा तो भाग पुन्हा शोधणेही. तेवढ्यासाठी पाठ जरूर लहान करावेत. पण ती सोय नेटवर्कची आहे, आणि मुलांच्या मेंदूची मर्यादा म्हणून ती खपवू नये.

गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाच्या दिष्टावो या व्हिडिओ-पाठांच्या उपक्रमात महाविद्यालयीन अध्यापकांनी तयार केलेले पाठ आहेत, आणि शाळाशाळांतून शिक्षकांनी स्वतःच्या फोनवर केलेले पाठही पडून आहेत. ते सगळे कापत बसण्यात सुट्टी घालवण्यापेक्षा प्रत्येक पाठासोबत एक कागद द्यावा. कोणत्या मिनिटाला थांबायचे आणि तिथे काय लिहायचे, असे तीन-चार प्रश्न त्यावर असावेत, आणि त्यांतला एक आठवड्याने वर्गात, वही मिटून, पुन्हा विचारावा.