पासपोर्ट कार्डावर भारतात येता येत नाही

‘अमेरिकेचं पाकिटात मावणारं पासपोर्ट कार्ड काढा, मग पुस्तकाची गरज नाही, भारतातही जाता येतं,’ असा मेसेज अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. हे कार्ड फक्त अमेरिकी नागरिकांना मिळतं, ग्रीन कार्डवाल्यांना नाही. कॅनडा, मेक्सिको, बर्म्युडा आणि कॅरिबियन बेटांवरून रस्त्याने किंवा जहाजाने परतताना ते चालतं. म्हणजे नायगाऱ्याला रेनबो ब्रिज ओलांडून पलीकडे कॅनडात जाऊन या, हरकत नाही. टोरांटोहून विमानाने परतायला मात्र पुस्तकच हवं. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानप्रवासाला ओळखपत्र म्हणून कार्ड चालतं, बहुधा गोंधळ तिथेच झाला असावा. क्रूझला जाणाऱ्यांनी तर पुस्तक घ्याच. बेटावर कुणी आजारी पडलं आणि विमानाने परतायची वेळ आली, तर हे कार्ड कामाचं नाही.