‘बी टीमला कसला आलाय इतिहास?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

स्पेनमधल्या रियाल माद्रिद या फुटबॉल क्लबची बी टीम कास्तिया, तिच्यावर मी लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं असं, की बी टीम म्हणजे मोठ्या क्लबचं गोदाम, तिला स्वतःचा इतिहास नसतो. १९८० ची स्पॅनिश कपची फायनल, माद्रिदचे सीनियर विरुद्ध कास्तिया, घरातल्या घरात वाटून घेतलेली होती. आणि मी प्लस अल्ट्राचं नावही घेतलं नाही.

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. कास्तिया हे नाव १९७२ चं. त्याआधी प्लस अल्ट्रा होता, एका विमा कंपनीच्या नोकरदारांनी १९३० मध्ये काढलेला संघ, जो चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माद्रिदशी जोडला गेला. पैशाअभावी तो बंद पडला तेव्हा त्याच्या जागी कास्तिया उभा राहिला. हे वगळणं ही माझी चूकच. लेखात दुरुस्ती केली आहे.

फायनलबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. कास्तिया तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. फायनल गाठताना त्याने पहिल्या श्रेणीतले चार संघ बाहेर काढले: एर्क्युलेस, अॅथलेटिक बिल्बाओ, रियाल सोसिएदाद आणि स्पोर्टिंग खिखोन. सोसिएदाद म्हणजे त्या सीझनला लीगच्या ३४ सामन्यांत फक्त एक हरलेला संघ! यांनी माद्रिदच्या पोरांसाठी मॅच सोडली असेल? मग ४ जून १९८० ला बर्नाबेऊवर, म्हणजे माद्रिदच्याच मैदानावर, समोर आले ते आपलेच सीनियर, आणि त्यांनी ६-१ ने झोडपून काढलं.

सोडलेली मॅच कशी असते, ते मी आतून पाहिलंय. कामठीला एका उन्हाळी स्पर्धेत आमच्याच क्लबच्या ए आणि बी टीम सेमीफायनलला समोरासमोर आल्या. मी बी टीमचा लेफ्ट बॅक. अंगावर ए टीमने टाकून दिलेल्या जर्स्या, माझ्या पाठीवरच्या सातची आडवी रेघ उकलून लोंबत होती. हाफटाइमला ०-०. क्लबचे एक पदाधिकारी लिंबूपाण्याची बादली घेऊन आले आणि ग्लास भरता भरता हळूच म्हणाले, “पोट्टेहो, फायनलले ए टीमलेच जाऊ द्या, त्यायले थकवू नका.” दुसऱ्या हाफमध्ये आमच्या स्टॉपरने बॉल पायाखालून जाऊ दिला. १-०. शेवटची वीस मिनिटं कोणी धड पळालंच नाही. सोडलेली मॅच अशी संपते भाऊ, कोणालाच लाज वाटणार नाही अशा स्कोअरवर. सहा गोल मारून कोणी संगनमत लपवत नाही.

त्या वर्षी माद्रिदने लीगही जिंकली आणि ते लीगविजेत्यांच्या युरोपियन कपला गेले, म्हणून कपविजेत्यांच्या स्पर्धेची, म्हणजे युरोपियन कप विनर्स कपची जागा उपविजेत्या कास्तियाला मिळाली. समोर लंडनचा वेस्ट हॅम. घरी ३-१ ने जिंकले. तिथे वेस्ट हॅमच्या काही प्रेक्षकांनी गोंधळ घातला, म्हणून परतीचा सामना लंडनला रिकाम्या स्टेडियममध्ये ठेवला गेला. एक्स्ट्रा टाइममध्ये कास्तिया ५-१ ने हरला. वेस्ट हॅमच्या त्या रिकाम्या अप्टन पार्कबद्दल वाचलं की विसरता येत नाही. बी टीमच्या मॅचला कोण येतं बघायला? ज्या दिवशी आले असते, त्या दिवशी दारं बंद.

आता गोदामाचं. १९८३-८४ ला प्रशिक्षक अमान्सिओच्या हाताखाली कास्तिया दुसऱ्या श्रेणीत पहिला आला. बुत्रागेन्यो, सांचिस, मार्टिन वास्केझ, मिचेल, पार्देझा ही पुढे माद्रिदच्या सीनियर संघात पोहोचलेली पाच नावं तिथलीच. दुसरा आला बिल्बाओचा राखीव संघ. म्हणजे वरच्या दोन्ही जागा बी टीमकडे, आणि दोघांनाही वर जायला मनाई, कारण मूळ संघ आधीच पहिल्या श्रेणीत. बुत्रागेन्योला ५ फेब्रुवारी १९८४ ला कादिझविरुद्ध सीनियरांनी उतरवलं. संघ ०-२ ने मागे होता, त्याने दोन गोल केले, माद्रिद ३-२ ने जिंकली. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्या टीममधल्या ज्यांना सीनियरांनी बोलावलं नाही, त्यांना टेबलात पहिलं येऊन काय मिळालं? पुढच्या वर्षी पुन्हा तीच श्रेणी. त्यांनी जिंकलेली लीग कास्तियाच्या नावावर नाही लिहायची, तर कोणाच्या?

१९९०-९१ पासून स्पेनमध्ये राखीव संघांना कपमध्ये खेळता येत नाही. १९८० सारखी फायनल आता होणारच नाही. ती कशी झाली होती ते मराठीत कुठेतरी असावं, म्हणून लिहिलं.

प्लस अल्ट्राबद्दल तुमच्याकडे आणखी काही असेल तर जरूर कळवा, तुमच्या नावानिशी लेखात घालतो.