जिंजी सर करावी कशी

जिंजीला जायचं तर मे महिन्यात जा आणि चढाईला बरोबर बाराचा मुहूर्त धरा. सकाळी सातला पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणारे लोक असतात, नाही असं नाही. पण त्यांना गड पाहायचा असतो, आपल्याला जिंकायचा असतो. औरंगजेबाचा सरदार जुल्फिकारखान याला या कामी 1690 ते 1698 अशी वर्षं घालवावी लागली. तुम्हाला साडेचारची बस आहे.

2025च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले 11 महाराष्ट्रात आणि बारावा हा, तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात. घरापासून तासाभरावर असलेले अकरा राहू द्या. ते कुठे पळून चाललेत?

आता भाषेचं. गेल्याच महिन्यात तुम्ही पुण्यातल्या एका दुकानदाराला ‘महाराष्ट्रात राहतोस ना, मग मराठीतच बोल’ असं सुनावलं होतं आणि त्याचा व्हिडिओही टाकला होता. छान केलंत. इथे तिकीट खिडकीवर मात्र पहिलाच प्रश्न ‘भैया, हिंदी आती है क्या?’ असा टाका. त्याने मान हलवली की तेच वाक्य जरा मोठ्या आवाजात म्हणा. तरीही कळलं नाही, तर बायकोकडे वळून ‘या लोकांना भाषेचा फारच अभिमान बुवा’ एवढं बोलून मोकळे व्हा.

खाली कल्याण महाल आहे, मजल्यावर मजले चढवलेला मनोरा. धान्याची प्रचंड कोठारं आहेत, मशीद आहे, वेंकटरमणाचं देऊळ आहे. यात वेळ दवडू नका. कोठारात एकदा ‘जय भवानी’ म्हणून आवाज घुमतो का तेवढं पाहा. एवढं धान्य साठवल्याशिवाय वेढा वर्षानुवर्षं सोसता येत नाही वगैरे विचार डोक्यात येऊ लागले, तर ऊन लागलंय असं समजून टोपी घाला.

तिथला एखादा म्हातारा वाटाड्या राजा देसिंगची गोष्ट सांगू लागेल. बुंदेला राजपूत, कोवळ्या वयाचा, 1714 मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला, आजही तमिळ पोवाड्यांतून गातात त्याला. तुम्ही मध्येच तोडून विचारा, ‘आमच्या महाराजांचं काय?’ बिचारा त्याच्या मोडक्या इंग्रजीत तेही सांगेल: 1677 मध्ये महाराजांनी हा गड घेतला, तट नव्याने मजबूत करून घेतले आणि बारा वर्षांनी रायगड पडला तेव्हा राजाराममहाराजांना आसरा मिळाला तो याच तटांआड. पण तोवर तुम्ही पुढे गेलेले असाल. हे सगळं ग्रुपवर आलेलंच आहे. त्यात तर हा गड महाराजांनीच पायापासून बांधलाय. त्याआधीचे नायक आणि विजापूरकर त्या मेसेजमध्ये बसले नसतील.

मग राजगिरी, गडाच्या तीन टेकड्यांतली सगळ्यात उंच. खालून गवताच्या पात्याएवढी दिसणारी पायऱ्यांची रेघ वर गेल्यावर संपता संपत नाही. वाटेत माकडं अडवतील. वेढ्यातून राजाराममहाराजांची स्वारी सुटावी म्हणून त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ यांनी इथे आपलं वतन सोडून दिलं, असं सांगतात. तुम्हाला फक्त चिप्सचं पाकीट सोडायचंय. ते फोडून, नीट दाखवून, मगच मागे लपवा.

शिखराच्या जरा अलीकडे कातळाला खोल भेग आहे आणि तिच्यावर पूल. हा पूल काढून घेतला की वरची मूठभर माणसं खालच्या फौजेला दाद देत नसत. त्या पुलाच्या ऐन मधोमध थांबा. आधी एकट्याचा फोटो, मग जोडीचा, मग झेंडा फडकवतानाची रील, वाऱ्याने झेंडा तोंडावर आला म्हणून तीच रील पुन्हा. मागे रांग लागली तर लागू द्या. इतक्या शतकांनी एका मराठी माणसाने ही वाट पुन्हा अडवून धरलीय, हे त्या रांगेला कळायला नको?

माथ्यावर पाच मिनिटं पुरे. समोर कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग दिसतात, तिन्ही टेकड्यांना कवेत घेणारा तट दिसतो. पण तोंड कॅमेऱ्याकडे असल्याने तो सगळा तुमच्या पाठीमागे राहील. घरी गेल्यावर झूम करून बघता येईल.

परतीला तिंडीवनमच्या स्टँडवर उतराल, तेव्हा शेजारच्या बसचा कंडक्टर ‘सेंजी, सेंजी’ असं ओरडत असेल. गुडघे दुखत असले तरी दोन पावलं मागे जा आणि त्याचा उच्चार तेवढा सुधारून द्या.