चर खोदले, पण गाळ कुणी काढायचा?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात एकच भांडण: राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेमुळं पाणी वाढलं की नाही? एक गट भरलेल्या नाल्याचे फोटो टाकतो, दुसरा कॅगचा 2020 चा अहवाल. 9,633 कोटी खर्चूनही भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा उपयोग झाला नाही, असं त्यात म्हटलंय. मी मध्ये तोंड घातलं की चुलतभाऊ सुनावतो, "तू अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नको." रास्त आहे. तरी बोलतो, कारण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर विस्कॉन्सिनमधली कून व्हॅली आहे.

1933 साली पाणलोटात, म्हणजे एका ओढ्याकडं उतरणाऱ्या सगळ्या रानात, माती-पाणी अडवण्याचा अमेरिकेतला पहिला प्रात्यक्षिक प्रकल्प इथं सुरू झाला. तेव्हा उतार वरून खाली सरळ नांगरलेले, टेकड्या गुरांनी चरून बोडक्या, शेताशेतात घळी. सरकारनं बी, चुना, कुंपणाचं सामान आणि मजूर दिले. बदल्यात शेतकऱ्यानं 5 वर्षांचा करार केला. पेरणी उताराला आडवी, समतल रेषेनं, मका, ओट आणि लसूणघासाचे पट्टे आलटून पालटून, चढावरच्या रानात गुरं सोडायची नाहीत. म्हणजे आपली चराईबंदीच की! आजही उतारावर ते पट्टे वळणं घेत जाताना दिसतात. मक्यातून सुटलेली माती खालच्या घासात अडते.

पण इथलेही गोडवे फार गायला नकोत. 20 वर्षांत विस्कॉन्सिनमधले दुधाचे गोठे निम्म्याहून कमी उरले. गाईच गेल्या तर घास कुणासाठी? कित्येकांनी पट्टे मोडून सलग मका-सोयाबीन केलं. 2018 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा याच पाणलोटातली पूर अडवणारी काही मातीची धरणं फुटली.

सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात पाणी-माती अडवायला माथ्यावर उताराला आडवे खोदलेले समतल चर गाळानं बुजलेत, त्यांच्यावरून शेळ्यांची पायवाट पडलीय. खाली नाल्यात मात्र पोकलेन पुन्हा पुन्हा येतं. साहजिक आहे, खोल केलेल्या नाल्यात त्याच पावसाळ्यात पाणी दिसतं आणि फोटोही झकास येतो. शिवाय माथा म्हणजे गायरान नाहीतर वनखात्याची जमीन. इथं कून व्हॅलीत चढ आणि खालचं शेत बहुतेक एकाच घरचं असतं, म्हणून वरची माती वाहिली की मालकालाच झळ बसते.

तेव्हा अमेरिका उचलून सिन्नरला ठेवता येणार नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं आपल्या पद्धतीनं जमवलं: शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. पण "गावोगावी पोपटराव पवार कुठून आणायचे?" या भावाच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. जलयुक्तच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या खोदाईइतकाच पैसा जुने चर-बांध दुरुस्त करायला राखून ठेवा, आणि गायरानातलं गवत कापायचा हक्क चरातला गाळ काढणाऱ्यांना द्या. ग्रुपवर हे टाकलं. भावाचं उत्तर लगेच आलं, "गवताचा लिलाव दरवर्षी कुणाच्या घरात जातो, ते आधी विचार."