पंखे फिरतात, स्क्रीन काळी: म्हणजे मदरबोर्ड गेला?

पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून घरीच पीसी जोडणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तर मदरबोर्ड डेड. लगेच परत करा.’ हे चूक आहे. बोर्ड खराब निघतोही कधीकधी, पण पहिला संशय त्याच्यावर नको.

एएम५ बोर्ड (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचा) आणि डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर आधी नुसतं थांबा. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमचं ‘ट्रेनिंग’ करतो, म्हणजे तिच्याशी वेळेचं गणित जुळवतो. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच राहते. घाबरून मधेच बटण दाबलं की हे सगळं पहिल्यापासून. चहा टाका, पंधरा मिनिटं हात लावू नका. मीसुद्धा तिसऱ्या मिनिटाला स्विच बंद करून बसलो होतो!

तरीही काही नाही? मग एचडीएमआय केबल कुठे लावलीय ते बघा. आय५-१२४००एफ सारख्या ‘एफ’वाल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, केबल बोर्डाला लावली तर चित्र येणारच नाही, ती ग्राफिक्स कार्डलाच हवी. प्रोसेसरजवळची आठ पिनांची पॉवर केबलही हमखास विसरली जाते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ‘खट्’ आवाज येईपर्यंत.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज वगैरे सुरू होणं) असे चार बारीक दिवे असतात. कुठला पेटलेलाच राहतो ते बघा, घोडं बहुतेक तिथेच अडलंय; मग दुकान गाठा.