दोतोर गेलो!

2013च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोंड्यात आमच्या वाड्यावर एक डॉक्टर वारला. म्हणजे वारला तो विलायतेत, टीव्हीवर, आदल्या संध्याकाळी. रडणं मात्र आमच्या माजघरात चाललं होतं. आमची लेक, बाय, तेव्हा अकरावीत. मोबाइल उशीखाली, तोंड भिंतीकडे आणि भर डिसेंबरात पंखा पाचावर.

तेवढ्यात शेजारच्या आंटी नाताळचं ताट घेऊन आल्या. वरचा विणलेला रुमाल काढला की खाली नेवऱ्या, दोदोल, बेबिंक. या ताटासाठी बाय एरवी कुंपणाशी येऊन उभी असते. आज फिरकली नाही म्हणून आंटींनी विचारलं, “किते जालें बायेक?”

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तिगेलो दोतोर गेलो.”

आंटींनी छातीवर क्रूस काढला, ताट ठेवलं आणि तशाच निघाल्या. रुमाल मागे राहिला. त्या रुमाल विसरल्या तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

आमच्या वाड्यात बातमी पसरायला एक कुंपण आणि एक सायकलवाला पोदेर (पाववाला) पुरतो. दहापर्यंत तिठ्यावरच्या दुकानात आमचे घरचे डॉक्टर गेल्याचं पक्कं झालं. अकरापर्यंत कशानं गेले हेही ठरलं (हार्ट, त्यांचं पोट बघता वाड्याला दुसरं काही सुचलंच नाही). साडेअकराला कुणीतरी ‘कधी उचलणार’ म्हणून दवाखान्यात फोन केला. तो डॉक्टरांनी स्वतः घेतला.

“कोणाला?”

“तुम्हाला.”

असं बोलणं झालं म्हणतात.

अफवेचा माग काढत डॉक्टर संध्याकाळी स्कूटरवरून आमच्या दारात. सोप्यावर बसले, आंटींचा दोदोल खाल्ला, आईचं बीपी बघितलं आणि मग बायला पुढं बोलावलं. ती सुजलेल्या डोळ्यांनी सगळं सांगायला लागली आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, ऐकायला बसलो.

तर ‘डॉक्टर हू’. बीबीसीवर ही मालिका सुरू झाली 23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे आमचे भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री व्हायच्या महिनाभर आधी. पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. नायक परग्रहावरचा, नाव नुसतं ‘डॉक्टर’, आणि वाहन म्हणजे पोलिसांची निळी टेलिफोन-खोली. बाहेरून कपाटाएवढी, आत शिरावं तर वाडा. तिच्यात बसून हा गृहस्थ काळात मागं-पुढं हिंडतो. इथपर्यंत ठीक. गोम पुढं आहे. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल 1966 साली तब्येतीनं खचले. दुसरी कुठली मंडळी असती तर त्यांनी मालिकेवर पडदा टाकला असता. यांनी काय करावं? डॉक्टर मरायला टेकला की त्याला नवं शरीर मिळतं, असं ठरवून टाकलं! हार्टनेल आडवे झाले, प्रकाश पडला, आणि उठले ते पॅट्रिक ट्राऊटन. आठवणी त्याच, स्वभाव वेगळा. तेव्हापासून दर तीन-चार वर्षांनी डॉक्टर बदलतो आणि दर तीन-चार वर्षांनी जगभर काही लाख घरांना सुतक लागतं. त्या नाताळात मॅट स्मिथ नावाचा लांब हनुवटीचा पोरगा गेला होता आणि त्याच्या जागी आला होता पीटर कपाल्डी.

“वय काय नव्याचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“पंचावन्न,” बाय हुंदका देत म्हणाली.

“बघ, अनुभवी आहे.”

मग डॉक्टरांनी स्वतःचीच कथा सांगितली. वडील वारले तेव्हा हे तिशीत. दवाखाना तोच, बाक तोच, कंपाउंडर तोच. बोर्डावरची आद्याक्षरं तेवढी बदलली. दोन वर्षं पेशंट यायचे, जीभ दाखवायचे, गोळ्या घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, ‘तुमच्या बाबांच्या हाताला गुण होता.’ “आता?” मी विचारलं. “आता माझा मुलगा एमबीबीएस होऊन बसतो माझ्या शेजारी,” डॉक्टर म्हणाले, “तर त्याला म्हणतात, ‘तू राहू दे, बाबांना तपासू दे.’”

बायनं डोळे पुसून एक नेवरी उचलली.

एवढ्यावर मी सुटायला हवा होतो. पण 2014च्या चतुर्थीला मी गणपतीवरच्या माटोळीला सुपाऱ्यांचे घोस बांधत असताना बायनं पेनड्राइव्ह टीव्हीला खोचला आणि नवा डॉक्टर पडद्यावर आला. आधीचा माझा मुलगा शोभला असता. हा माझ्या वयाचा. पिकलेले केस, रागीट भुवया, कुणी काही विचारलं की आधी वैतागायचं आणि मग उत्तर द्यायचं. साठीकडं झुकलेला, सगळ्या जगावर करवादणारा माणूस नायक असू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! घोस हातातच राहिला. “बाबा, हा अगदी तुमच्यासारखा,” बाय म्हणाली. तिनं ते कौतुकानं म्हटलं नव्हतं, पण मी तसं घेतलं. पुढं कळलं की हा कपाल्डी लहानपणापासून या मालिकेचा वेडा. पंधराव्या वर्षी त्यानं ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकाला तिच्याबद्दल पत्र लिहिलं होतं आणि 1974 मध्ये ते छापूनही आलं होतं. मीही त्या वयात वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचो. आमच्या वाड्यावरच्या नळाबद्दल. छापून आलं नाही, नळालाही पाणी आलं नाही.

तीन वर्षं मी त्या माणसाचा झालो. पतसंस्थेतून घरी आलो की चहा, भजी आणि कपाल्डी. या काळात मालिकेचे जुने भागही नजरेखालून घातले. टॉम बेकर सलग सात वर्षं डॉक्टर होता, त्याच्या गळ्यातला लांबच लांब मफलर म्हणजे विणणाऱ्या बाईंना जेवढी लोकर दिली होती तेवढी सगळी त्यांनी विणून टाकली म्हणून झालेला, असली माहिती मी न विचारता पाहुण्यांना देऊ लागलो. सौभाग्यवती पाहुण्यांना लवकर जेवायला वाढू लागल्या.

आता 16 जुलै 2017. विम्बल्डनची अंतिम फेरी, फेडरर आणि चिलिच. बाहेर धो धो पाऊस, आणि नवल म्हणजे लाइट होती. फेडररनं आठव्यांदा करंडक उचलला, अख्ख्या स्पर्धेत एकही सेट न गमावता. मी तृप्त होऊन आडवा होणार तोच लक्षात आलं की टेनिसमधलं ओ का ठो न कळणारी बाय शेजारी नखं खात बसलीय. मोबाइलवर. सामना संपल्यावर नव्या डॉक्टरचं नाव जाहीर होणार होतं. मिनिटाभराची फीत. रानातून कुणी तरी चालत येतं, डोक्यावर टोपडं, तळहातावर किल्ली. टोपडं मागं जातं. नटी जोडी व्हिटेकर.

बायनं अशी किंकाळी फोडली की आंटींच्या घरातला दिवा लागला. मी एवढंच म्हणालो, “पण... बाई?”

माजघरात पाऊस तेवढा ऐकू येत होता. चौपन्न वर्षं पुरुष डॉक्टर, आणि आता एकाएकी, असं काही मी पुढं म्हणत होतो. मला वाटतं ‘परंपरा’ हा शब्दही माझ्या तोंडून गेला. आई कोपऱ्यात वाती वळत होती.

“बालगंधर्वांना पाहून माझे बाबा चार दिवस जेवले नव्हते,” ती म्हणाली. “शालू, नथ, खोपा. कोणी म्हटलं का, ‘पण... बुवा?’”

“ती गोष्ट वेगळी, आई.”

“वेगळी कशी? 1913 साली गंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली, मागाहून तिथं लुगडं नेसून उभा राहिला तो आपल्या मंगेशीचा दीनानाथ. मिसरूड फुटायचं होतं पोराला. गंधर्ववाल्यांनी नाकं मुरडली असतीलच, मुरडणाऱ्याला काय. पण पुरुषांनी इतकी वर्षं बायका केल्या, एका बाईनं दोतोर केला तर तुझं पोट का दुखतं?”

पोट दुखत होतंच. कारण बाई आली याचं दुःख वीस टक्के. माझा कपाल्डी चालला याचं ऐंशी. पण ते कबूल करणं कठीण, म्हणून माणूस परंपरेच्या पदराआड लपतो.

आमच्या जत्रेच्या नाटकातही हेच झालं होतं. वाड्यावरचे एक गृहस्थ सव्वीस वर्षं संभाजी करायचे. खरे शंभुराजे एकतिसाव्या वर्षी गेले; आमचे अठ्ठावन्नाव्या वर्षीही कैदेत जायला तयार. शेवटी शेवटी साखळदंड ओढताना त्यांना खरोखरच धाप लागायची आणि त्यामुळे तो प्रवेश फारच गाजायचा. मग समितीनं धीर करून एका पंचविशीतल्या पोराला उभं केलं. जुन्या राजांना शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं, आणि हीच चूक झाली. नवा राजा तोंड उघडायच्या अर्धा क्षण आधी पहिल्या रांगेतून तेच वाक्य पुटपुटलं जायचं. रंगमंचाच्या कडेचा माइक ते इमानेइतबारे उचलायचा. अख्ख्या गावानं त्या रात्री प्रत्येक वाक्य दोनदा ऐकलं. दुसऱ्या अंकापासून लोक बघायचे नव्याकडं आणि ऐकायचे जुन्याचं. सकाळी चहाच्या टपरीवर निकाल लागला: पोरगं बरं आहे, पण तो आवाज नाही. त्या पोराला आता बारा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्याला बदलायचं निघालं तर गाव समितीच्या अंगावर धावून गेलं.

व्हिटेकरबाईंशी माझं जुळलं ते 2020च्या मार्चात. सगळं बंद, पोदेराचा पोंगासुद्धा वाजत नव्हता. त्या दिवसांत बाईंनी डॉक्टरच्याच वेषात, कुठं तरी दडून बसल्यासारखा, एक छोटा निरोप जगाला पाठवला: शास्त्रावर भरवसा ठेवा, एकमेकांशी नीट वागा, विनोद सांगा. मी तीनदा बघितला. मग गुपचूप त्यांचे राहिलेले भाग काढून बसलो.

डॉक्टर नक्की कितवा, हे मोजणं मात्र मला अजून साधलेलं नाही. 2013 मध्ये जॉन हर्ट यांचा एक डॉक्टर मधेच उपटला, पण त्याला क्रमांक नाही. अधिक महिन्यासारखा, मोजायचा नाही, पण असतो. पुढं शूटी गॅटवा आला, आणि 2025च्या मे अखेरीस त्याची प्रकाशाची पाळी आली, तर समोर बिली पायपर, वीस वर्षांपूर्वी याच मालिकेत डॉक्टरची जोडीदार असलेली. श्रेयनामावलीत नुसतं तिचं नाव; भूमिका कुठली ते लिहिलेलंच नाही! लोक चक्रावले. गोवेकराला त्यात चक्रावण्यासारखं काही नाही. 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार एकदम भाजपमध्ये गेले, 2022च्या सप्टेंबरात आणखी 8. आमच्याकडे चेहरा तोच राहतो, बाकीचं बदलतं.

पण मला सांगायचंय ते 23 ऑक्टोबर 2022च्या रात्रीचं. नरकासुराची रात्र. तिठ्यावर जाळायला उभा केलेला दोन मजली नरकासुर, स्पीकरच्या दणक्यानं आमच्या फळीवरचे पेले वाजत होते. बाय नोकरीच्या गावाहून रात्रीच्या बसनं दिवाळीला आलेली. तिकडं विलायतेत व्हिटेकरबाईंचा शेवटचा भाग चालू होता आणि तिथं शिकायला गेलेला बायचा मित्र मिनिटामिनिटाला मोबाइलवर कळवत होता. मी त्याला म्हटलं होतं, क्रिकेटसारखं सांग, फाटे फोडू नको.

“पडली,” बाय म्हणाली.

“कोण?”

“डॉक्टर. लागलंय तिला. आता जाणार.”

मी उठून पाणी प्यालो. पाच वर्षांपूर्वी याच माजघरात ‘पण बाई?’ म्हणणारा तो मीच, आणि आता त्या बाईंनी आणखी एखादं वर्ष काढलं असतं तर कोणाचं काय बिघडत होतं, असं मला मनापासून वाटत होतं. नवा कोण हे मे महिन्यातच जाहीर झालेलं. मी त्या बिचाऱ्या गॅटवाविषयी, त्याचं एक वाक्यही न ऐकता, प्रतिकूल मत बनवून ठेवलं होतं.

“गेली,” बाय म्हणाली. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “अरे! टेनंट आहे! डेव्हिड टेनंट!”

म्हणजे नवा आलाच नाही. 2010 मध्ये ‘मला जायचं नाही’ म्हणत गेलेला दहावा डॉक्टरच परत. निवृत्तीनंतर मुदतवाढ मिळालेला साहेब जसा पुन्हा आपल्याच खुर्चीत येऊन बसतो आणि पंख्याचं बटण आपोआप सापडतं त्याला, तसा. बाय नाचायला लागली. बाहेर तिठ्यावर नेमकं तेव्हाच ढोल वाढले. मी तोंड फिरवून आडवा झालो आणि पंखा पाचावर केला.

पहाटे नरकासुर जळला. तेल-उटणं झालं, तुळशीपुढं कारीट फोडलं आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसलो. दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले, तिखट. मी नुसते चिवडत होतो. आईनं माझ्या ताटाकडं बघितलं.

“रात्री कोण गेलं?”

“डॉक्टर.”

“आणि आलं कोण?”

“कोणी नाही. दहावा.”

“दहावा झाला ना?” तिनं रोसातल्या फोवांची वाटी माझ्या पुढ्यात सरकवली. “मग सुतक फिटलं. खा.”