रिसेप्टर नसेल तर एनजीएफ काय करणार?

एनजीएफ, म्हणजे चेतापेशींना जगवणारं ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हे प्रथिन, यावरच्या तुमच्या लेखातलं ‘एनजीएफ मिळालं की चेतापेशी जगते’ हे वाक्य अर्धंच आहे. पेशीवर ट्रकए रिसेप्टर, म्हणजे एनजीएफचा संदेश टिपणारं प्रथिन, नसेल तर भोवती एनजीएफ कितीही असो, तिला त्याच्याकडून जगण्याचा संदेश मिळतच नाही. ग्रोथ फॅक्टरच्या शोधाला मिळालेल्या १९८६च्या नोबेलवर दोन परिच्छेद आणि रिसेप्टरवर एक ओळ, हे काही पटलं नाही.

भुसावळला बारावीला जीवशास्त्र शिकवताना मी एनटीआरके१ जनुकाचं उदाहरण देते. ट्रकए बनवणारं हेच जनुक. आईवडील दोघांकडून ते बिघडलेलं आलं, तर वेदना नेणाऱ्या आणि घामग्रंथींकडे जाणाऱ्या नसा नीट तयारच होत नाहीत. बाळाला चटका कळत नाही, घाम येत नाही. मे महिन्यात पारा ४५ गाठणाऱ्या आमच्या गावातली पोरं लगेच विचारतात, ‘मॅडम, मग ते बाळ उन्हाळा काढणार कसं?’ अशा बाळाला चढलेला ताप जिवावर बेतू शकतो. हा आजार लेखात यायलाच हवा होता.